कोनाड्यातला आरसा आणि आठवडी बाजार



सुगी आटोपून चार पैसे हातात आले आणि लग्नसराई तोंडावर आली, की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पापड चिरतात, लोणच्याला बुरशी येते, ही गाऱ्हाणी मागे पडतात. पावडर कोणती घ्यावी, अमुक क्रीम चांगले का, पन्नाशीच्या बाईने गाऊन घातला तर बरे दिसेल का, अशी विचारणा सुरू होते. विचारताना मात्र जवळजवळ प्रत्येकजण आधी माफी मागते. 'विषय जरा हलका आहे' म्हणते.

हलका कशाने? पोळ्याला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लागतो, बेगड लागते, अंगावर झूल येते, गळ्यात नवी घुंगुरमाळ येते. दसऱ्याला ट्रॅक्टरलासुद्धा गोंडे बांधतात. त्याला सगळे घर हौस म्हणते. त्याच घरातल्या बाईने बाजारातून चाळीस रुपयांची नेलपॉलिशची बाटली आणली, की लगेच ती उधळपट्टी! तेव्हा माफीबिफी बाजूला ठेवून आज थोडे नटण्यामुरडण्याविषयीच बोलू. थोडक्या पैशांत करता येईल असे, आणि अंगाला बाधणार नाही असे. हे दुसरे फार महत्त्वाचे आहे. का, ते पुढे सांगते.

नटणे हे काही आजचे खूळ नाही. आपल्या आज्या-पणज्यांची फणेरपेटी आठवा. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, खणात फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा. तेवढ्यात त्यांचे भागत असे. मग बाजारात बाटल्या आल्या. मुंबईच्या पाटणवाला यांचे 'अफगाण स्नो' १९१९ सालचे. टाटांनी १९५२ साली 'लॅक्मे' काढली. नाव कानाला परदेशी लागते, पण ते आपल्या लक्ष्मीचेच फ्रेंच रूप आहे. त्याच १९५२ साली केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत 'विको' सुरू केली. हे सगळे होते, तरी खेड्यातल्या बाईच्या हाताला ते फारसे लागत नव्हते. अख्ख्या बाटलीचे पैसे एकदम कोण काढून देणार? दूध डेअरीचा हिशेब दहा दिवसांनी, कापसाचे पैसे वर्षाने.

ही कोंडी फोडली पुडीने. १९८३ साली तमिळनाडूतल्या कडलूरहून सी. के. रंगनाथन यांनी 'चिक' शाम्पू पुडीतून विकायला काढला, आणि पुढे सगळ्याच कंपन्यांना त्या वाटेने यावे लागले. आज गावातल्या टपरीवर एक-दोन रुपयांच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात. आपल्याला वाटते की मोठी बाटली घेतली तर स्वस्त पडेल. शाम्पूच्या बाबतीत एकदा हिशेब मांडून बघा. पुडीवर किती मिलिलिटर लिहिले आहे, बाटलीवर किती, आणि किंमत किती. पुष्कळदा पुडीच स्वस्त पडते. फक्त रिकामी पुडी ओढ्याच्या धुण्याच्या दगडाजवळ टाकू नका. ती तिथून बांधावर जाते आणि बांधावरून गाईच्या पोटात.

आता ज्याविषयी सर्वांत जास्त पत्रे येतात, त्याकडे वळते. गोरेपणा.

आपल्याकडची एक गंमत पाहा. सावळ्या विठ्ठलाच्या पायावर डोके ठेवायला मैलोगणती चालत जायचे, आणि घरी आल्यावर मुलासाठी मुलगी मात्र गोरीच हवी म्हणायचे! स्थळ बघायला येणार म्हटले की आई मुलीच्या तोंडाला काय काय फासते. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली आणि गोरे होणे हे जणू विकत मिळणारे सामान झाले. कंपनीला २०२० साली त्या नावातला 'फेअर' काढून 'ग्लो अँड लव्हली' करावे लागले, इतकी त्याबद्दल टीका झाली. पण नाव बदलले म्हणून मागणी थोडीच बदलते?

माझी खरी काळजी नाव असलेल्या कंपन्यांची नाही. बाजारात पथारीवर, जत्रेत, कटलरीच्या दुकानात किंवा कुणा ओळखीच्या बाईकडून बिनलेबलाच्या डबीतून जे क्रीम मिळते, त्याची आहे. 'आठ दिवसांत फरक' असे सांगून ते विकतात, आणि फरक खरोखरच पडतो. कारण त्यातल्या कित्येकांत पारा असतो. पारा त्वचेत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून तोंड उजळते. पण तोच पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात बसतो. केरळात कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे होण्याचे क्रीम लावत होते. लांब कशाला, २०२३ साली अकोल्यातून बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली आणि कारण शोधता शोधता डॉक्टर क्रीमच्या डबीपाशी पोचले. तिच्यात पारा निघाला.

तेव्हा घरात कुणी असले क्रीम लावत असेल आणि सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, पायावर बोट दाबले तर खळगा राहतो, लघवीला फार फेस येतो, असे दिसले, तर 'उन्हाचे असेल' म्हणून सोडू नका. लघवी तपासून घ्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती तपासणी होते. जाताना डबी बरोबर न्या. ही गोष्ट बायका डॉक्टरांना सांगतच नाहीत, लाजतात. क्रीम लागलीच बंद करावे, हे वेगळे सांगायला नको.

कायद्याने अशा क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. अजाणता मिसळलेला सापडला, तरी तो दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण डोळ्यांना पारा दिसत नाही, म्हणून वेष्टन वाचायला शिकले पाहिजे. आपण खताची गोणी घेताना वजन, कंपनी, तारीख बघतोच ना? बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर बघतो. तसेच हे. बनवणाऱ्याचे नाव आणि पत्ता, परवान्याचा नंबर, बॅच नंबर, केव्हा बनवले, केव्हापर्यंत वापरायचे, काय काय घातले आहे आणि किंमत, एवढे छापलेले हवे. परदेशी मालावर इथे आणणाऱ्याचे नाव-पत्ता हवा. घटकांत 'मर्क्युरी', 'मर्क्युरिक' किंवा 'कॅलोमेल' असा शब्द दिसला तर डबी परत ठेवा. काहीच लिहिलेले नसेल तर हातातसुद्धा घेऊ नका. शाळेत जाणारी पोर घरात असतेच, तिच्याकडून वाचून घ्यायला लाज कसली?

दुसरा प्रकार मेडिकलच्या दुकानातला. खाज-गजकर्णाची, डागांची छोटी ट्यूब. कुणीतरी सांगते, ही लावल्याने तोंड गोरे होते, की बायका महिनोन्महिने तीच चोपडतात. त्यात स्टिरॉइड असते. डॉक्टरांनी ठराविक दिवसांसाठी दिले तर ते औषध. पण रोज तोंडाला लावले तर कातडी कागदासारखी पातळ होते, उन्हात गेले की आग होते, पुटकुळ्या येतात, गालांवर लव वाढते. सोडायला जावे तर तोंड लालबुंद होते, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. त्यातून डॉक्टरांच्या मदतीनेच बाहेर यावे. अशा मलमांवर २०१८ साली सरकारने निर्बंध कडक केले, चिठ्ठीशिवाय ती देऊ नयेत असा नियम आहे. तुम्हीही चिठ्ठीशिवाय मागू नका.

मग उन्हाने काळवंडलेल्या तोंडाला करायचे काय? माझ्या मते यावर सर्वांत चांगला उपाय आपल्या बायकांनी आधीच काढलेला आहे. साडीवर घरधन्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला नि तोंडाला स्कार्फ. कापूस वेचणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बायका हे घालतात त्याला कुणी फॅशन म्हणत नाही, पण कामाला इतका साजेसा पोशाख कुण्या शिंप्याला सुचला नसता. उसाच्या पात्याने हात कापत नाहीत, ऊन लागत नाही. शर्ट फिकट रंगाचा आणि सुती बघा, म्हणजे घाम टिपतो. सनस्क्रीन परवडत असेल तर उघड्या भागाला जरूर लावा, पण दोन-तीन तासांत घामाबरोबर ते जाते, पुन्हा लावावे लागते. शर्टाचे तसे नाही.

तोंडाला लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. कातडी भाजून काळे डाग पडतात. साबण सौम्य असू द्या. थंडीत ग्लिसरीनमध्ये निम्म्याहून जास्त पाणी किंवा गुलाबपाणी घालून लावा, नुसते ग्लिसरीन चिकट होते. टाचांच्या भेगांना कोकणातल्या बायका कोकमतेल लावतात. त्याचा घट्ट गोळा मिळतो, जरा ऊब दिली की वितळतो. ते नाही मिळाले तर साधे व्हॅसलीन. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवायचे, पुसून ओलसर असतानाच चोपडायचे आणि जुने मोजे घालून निजायचे. महिन्याभरात पैंजण घालावेसे वाटतील असे पाय होतात. यात लिपस्टिकपेक्षाही जास्त आनंद आहे, असे मला तरी वाटते.

टिकलीची गोष्ट मात्र थांबून सांगायची आहे. टिकल्यांची पाकिटे स्वस्त, रंग शेकडो, साडीला जुळणारी मिळते. लावायला सोपी, घामाने ओघळत नाही. पण काहीजणींना तिच्या मागच्या डिंकाची बाधा होते. तो चिकटवण्यासाठी कधीकधी जे रसायन वापरतात, त्याने कातडीतला रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात. आधी तिथे खाजते, लाल होते, आणि मग नेमका टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही काहींना असाच डाग येतो, कारण तिथेही रसायनच असते.

आणि गावात काय होते? कपाळावर पांढरे दिसले, की न विचारता न तपासता 'कोड' ठरवून मोकळे. मुलीचे जमलेले मोडते. कोडसुद्धा काही लागट रोग नव्हे, तो शिवण्याने होत नाही, पण ते समजावीत कोण बसणार! म्हणून टिकलीखाली खाज सुटली की त्याच दिवशी ती बंद करावी आणि चामडीच्या डॉक्टरांना दाखवावे. लवकर थांबले तर पुष्कळदा रंग परत येतो, उशीर केला तर कठीण जाते. ज्यांना काही होत नाही त्यांनीही रात्री निजताना टिकली काढून कपाळ धुवावे. आरशाला चिकटवून ठेवलेली टिकली आठ दिवस फिरवून लावण्यात काटकसर नाही.

मेणावर कुंकू लावायची जुनी पद्धत अशा वेळी बरी. सोलापूर जिल्ह्यातले केम गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. हळदीवर टाकणखार आणि लिंबाच्या रसाची क्रिया करून खरे कुंकू करतात. भडक लाल, स्वस्त आणि बोटाला लागले की दोन दिवस न निघणारे असेल, तर त्यात कापडाचा रंग असण्याची शंका घ्यावी. शेंदूर हा मूळचा शिशापासून केलेला. तो हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय कणकेत घालू नयेत, आणि तान्ह्या पोराच्या कपाळाला तर लावूच नये.

मेंदीचे एका वाक्यात सांगते. खरी मेंदी केशरी, तांबडी, तपकिरी रंगते, काळी कधीच नाही, आणि 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यात केसांच्या कलपाचे रसायन असते, त्याने ऐन लग्नात नवरीच्या हातावर फोड आलेले लोकांनी पाहिले आहेत.

आता कापडाकडे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीचे यंत्रमाग आणि सुरतेच्या छापील साड्या यांनी गरिबाच्या घरातल्या बाईलाही दांडीवर चार रंग दिले, हे मान्य करायलाच हवे. आईच्या पिढीला वर्षाला दोन लुगडी मिळत. बाजारात साडी पाहताना पदर सगळेच उलगडून दाखवतात. तुम्ही कडेचा एक धागा ओढून घ्या आणि काडीने पेटवा. सूत कागदासारखे जळते, राख भुरभुर पडते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. दुकानदार धागा काढू देत नसेल तर त्याचे कारण बहुधा तुमच्या लक्षात येईल. रंग जाईल का, हे बघायला पांढरा रुमाल ओला करून काठावर घासावा. सुती ड्रेसचे कापड शिवायला टाकण्याआधी एक रात्र पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर शिंप्याशी उगाच भांडण होते. शिवताना कडेला दोन बोटे जास्तीची दाब ठेवायला सांगा. अंगाने भरलात की उसवता येते.

गाऊनविषयी पुष्कळ वादंग आहे. आंध्र प्रदेशातल्या टोकलापल्ली गावात २०१८ साली दिवसा गाऊन घालण्यावर बंदी घातली. घालणारीला २,००० रुपये दंड आणि कळवणारीला १,००० रुपये बक्षीस! दंड नसला तरी सासूबाईंचे डोळे दंडापेक्षा कमी नसतात. मला विचाराल तर गाऊन हा बाईच्या अंगाला मिळालेला मोठा विसावा आहे. बाळंतिणीला, पाय सुजलेल्या म्हातारीला, पहाटे चारला उठून धारा काढणारीला नऊवारी-सहावारीचे ओझे कशाला? वरून ओढणी घेतली की झाले. माझी हरकत वेगळ्याच गोष्टीला आहे. पथारीवर दीडशे-दोनशेला मिळणारे कित्येक गाऊन नायलॉन-पॉलिस्टरचे असतात. चुलीपाशी, गॅसपाशी ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतात. सुती गाऊनही पेटतो, पण असा चिकटून बसत नाही. तेव्हा पन्नास-शंभर जास्त घाला, सुती घ्या, आणि बाह्या सैल लोंबणाऱ्या नकोत. पन्नाशीच्या बाईला शोभेल का, या प्रश्नाचे उत्तर असे, की शोभा नंतर बघू, आधी घालून तर बघा.

दागिन्यांत एक ग्रॅमचे, बेंटेक्सचे घेऊन लग्नात मिरवणे मला मुळीच कमीपणाचे वाटत नाही. सोन्याचे भाव बघता आणि एसटीतली गर्दी बघता तेच शहाणपणाचे. घामाने ते काळे पडते, म्हणून काढल्यावर कोरड्या फडक्याने पुसून कापसात गुंडाळून डबीत ठेवा. कानात मात्र खोटे फार वेळ नको. स्वस्त धातूतल्या निकेलने कान चिघळतात. कानातले तेवढे चांदीचे-सोन्याचे असू द्या.

पुण्याला कुणाकडे जाणे झाले तर तुळशीबागेत एक चक्कर जरूर मारा. पेशवाईत नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी बांधलेले राममंदिर मध्ये, आणि त्याच्याभोवती पिना, पिशव्या, बांगड्या, टिकल्या, भातुकलीची भांडी यांची दुकाने. पाचशे रुपयांत घरातल्या सगळ्या लेकी-सुनांना काही ना काही येते. रविवारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. भाव करायचा तर दुकानदाराने सांगितलेल्या किमतीवर हसून पुढे दोन पावले टाकायची. हाक आली तर थांबायचे.

आणि कासाराला विसरू नका. फिरोजाबादच्या बांगड्यांचे गठ्ठे घेऊन तो ओसरीवर बसला, की हातात हात घेऊन, दाबून, मापाने एकेक बांगडी चढवतो. दुकानातल्या डझनाच्या पुड्यात ते सुख नाही. हात कामाने घट्टे पडलेला असेल तर आधी साबणाचा फेस लावायला सांगा आणि माप अर्धे वाढवून घ्या. दोन्ही हातांत सारख्याच बांगड्या हव्यात असे काही नाही. काम करतो तो हात मोकळा, दुसऱ्यात डझनभर, ही रीत आता मुली काढत आहेत आणि ती मला आवडली.

पुढच्या अंकात जुन्या साड्यांच्या गोधड्या. कुणाकडे ठेवणीतला नमुना असेल तर कागदावर काढून पाठवा.